गेडार

गेडार म्हणजे एखाद्या व्यक्तीचे रूप, पेहराव, आवाज, चाल, हावभाव किंवा वर्तन पाहून तिचा लैंगिक कल ओळखण्याची कथित क्षमता होय. ‘गे’ आणि ‘रडार’ या दोन इंग्लिश शब्दांच्या जोडणीतून तयार झालेला हा शब्द विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रचारात आला. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही. मात्र ‘बायकी’, ‘बायल्या’, ‘पुरुषी बाई’ यांसारख्या शेऱ्यांमागे अनेकदा हीच समजूत असते. काही प्रयोगांत असे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा किंचित अधिक बरोबर आल्याचे आढळले असले, तरी प्रत्यक्ष जीवनात ते बहुतांशी चुकीचे ठरतात.

संकल्पनांतील फरक

या समजुतीच्या मुळाशी तीन वेगवेगळ्या संकल्पनांची गल्लत आहे. व्यक्तीला कोणाविषयी शारीरिक व भावनिक आकर्षण वाटते, तो तिचा लैंगिक कल. व्यक्ती स्वतःला पुरुष, स्त्री किंवा अन्य काय मानते, ती तिची लिंगभाव ओळख. पोशाख, बोलणे आणि हालचाली यांतून जे बाहेर दिसते, ती लिंगभाव अभिव्यक्ती. पाहणाऱ्याला केवळ तिसरी गोष्ट दिसते. तिच्यावरून पहिलीचा निष्कर्ष काढला जातो. मृदू बोलणारा पुरुष भिन्नलिंगी असू शकतो आणि रांगडा पुरुष समलिंगी. उभयलैंगिक व्यक्ती तर अशा द्विभागणीत मोजल्याच जात नाहीत.

बाह्य खुणांचा अर्थ समाजागणिक बदलतो. महाराष्ट्रातील खेड्यांत दोन पुरुष मित्रांनी हातात हात घालून किंवा गळ्यात हात टाकून चालणे हे साध्या मैत्रीचे लक्षण मानले जाते; अनेक पाश्चात्त्य देशांत त्याच कृतीवरून जोडप्याचा तर्क केला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पुरुषाच्या उजव्या कानातील डूल ही समलिंगी असल्याची खूण समजली जाई. महाराष्ट्रात मात्र पुरुषाच्या कानातील भिकबाळी हा परंपरेने प्रतिष्ठेचा दागिना आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

मराठी रंगभूमीवर दीर्घकाळ पुरुष स्त्रीभूमिका करीत. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या साड्यांचे व दागिन्यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियाही करीत. स्त्रीवेशातील अभिनय तेथे कलेचा भाग म्हणून सन्मानाने पाहिला गेला. तमाशातील ‘नाच्या’ या पात्राच्या वाट्याला मात्र लोकप्रियतेबरोबर हेटाळणीही आली. नाच्याच्या भूमिकांसाठी ख्यातनाम झालेले कोल्हापूरचे अभिनेते गणपत पाटील (मृत्यू २००८) हे प्रत्यक्षात संसारी गृहस्थ होते. तरीही भूमिका आणि व्यक्ती यांची गल्लत प्रेक्षक करीत राहिले. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीत आणि तिच्यावर आधारलेल्या रवी जाधव दिग्दर्शित चित्रपटात (२०१०) हाच प्रश्न केंद्रस्थानी आहे. पहिलवानी शरीराचा नायक कलेपायी नाच्या होतो आणि त्याच्या पुरुषत्वाविषयीच्या तर्कांमुळे त्याला अपमान व अत्याचार सोसावे लागतात.

यल्लम्मा देवीला वाहिलेल्या व स्त्रीवेश धारण करणाऱ्या जोगत्यांविषयीही अशीच गल्लत होते. त्यांच्या वेशाचा संबंध श्रद्धा, रूढी किंवा लिंगभाव ओळख यांच्याशी असू शकतो. केवळ वेशावरून लैंगिक कल ठरत नाही. स्त्रीच्या समलिंगी आकर्षणाचा विषय मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाने आणला.

समलिंगी व्यक्तींनी एकमेकांना ओळखणे हा या विषयाचा वेगळा पैलू आहे. समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा असताना नजरेचे इशारे, सांकेतिक शब्द आणि ठरावीक भेटीच्या जागा यांवर ही ओळख अवलंबून असे. येथे बाह्य रूपापेक्षा दुसऱ्याने हेतुपुरस्सर दिलेला संकेत महत्त्वाचा असतो. १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवी यांनी सुरू केलेले ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक, १९९४ मधील हमसफर ट्रस्ट आणि २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट यांमुळे संपर्काचे उघड मार्ग उपलब्ध झाले.

संशोधन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३० समलिंगी व ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचे निकाल, कोणाचा निकाल कोणता हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवले. तज्ज्ञांना दोन गटांत फरक करता आला नाही. समलैंगिकता हा मानसिक विकार नाही, या भूमिकेला या अभ्यासाने बळ दिले.

निकोलस रूल आणि भारतीय वंशाच्या नलिनी अंबाडी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पुरुषांचे चेहरे सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाच वेळ दाखवूनही सहभागींचे अंदाज योगायोगापेक्षा अधिक बरोबर आले. विल्यम कॉक्स व सहकाऱ्यांनी २०१६ मधील शोधनिबंधात अशा निष्कर्षांवर आक्षेप घेतला. छायाचित्रांच्या दर्जातील फरक दूर केल्यावर चेहऱ्यावरून ओळख पटत नाही, असे त्यांना आढळले. ‘गेडार खरे असते’ असे सांगितलेल्या सहभागींनी साचेबद्ध कल्पनांचा अधिक वापर केल्याचेही त्यांनी नोंदवले.

यिलुन वांग आणि मिखाल कोसिन्स्की यांनी २०१८ मध्ये संगणकीय प्रणालीद्वारे केलेला अभ्यास वादग्रस्त ठरला. एक समलिंगी आणि एक भिन्नलिंगी अशा चेहऱ्यांच्या जोडीतून समलिंगी व्यक्ती निवडताना प्रणाली पुरुषांबाबत ८१ टक्के व स्त्रियांबाबत ७१ टक्के वेळा बरोबर ठरली. टीकाकारांच्या मते, प्रणालीने चष्मा, दाढी, प्रसाधन आणि छायाचित्राचा कोन यांसारख्या सवयींच्या खुणा टिपल्या.

प्रमाणाचा प्रश्न

प्रयोगांत दोन्ही गट बहुधा समसमान असतात. समाजात तसे नसते. उदाहरणादाखल, १,००० जणांत ५० समलिंगी आहेत आणि अंदाज दोन्ही गटांबाबत ६० टक्के बरोबर येतो, असे मानू. तेव्हा ५० पैकी ३० जण ओळखले जातील. पण उरलेल्या ९५० पैकी ३८० जणांनाही चुकून समलिंगी ठरवले जाईल. म्हणजे शिक्का बसलेल्या ४१० जणांपैकी केवळ ३० जणांबाबत, सुमारे ७ टक्के वेळा, अंदाज खरा असेल. फसलेले अंदाज क्वचितच उघड होत असल्याने अंदाज करणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र टिकून राहतो.

परिणाम आणि कायदा

अशा तर्कांचा उपयोग शासनसंस्थांनीही केला आहे. कॅनडात शीतयुद्धाच्या काळात शासकीय सेवेतील समलिंगी व्यक्ती हुडकण्यासाठी डोळ्यांच्या बाहुल्यांचे आकुंचन-प्रसरण मोजणारे उपकरण विकसित करण्याचा प्रयत्न झाला. तो अयशस्वी ठरला. शासकीय छळाबद्दल तेथील पंतप्रधानांनी २०१७ मध्ये संसदेत माफी मागितली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये, आश्रय मागणाऱ्याचा दावा केवळ साचेबद्ध कल्पनांवरून जोखता येणार नाही, असा निर्णय दिला.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात लैंगिक कल हा खासगीपणाचा अविभाज्य भाग असल्याचे म्हटले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कल, लिंगभाव तसेच बाह्य रूप यांवरून विद्यार्थ्याचा छळ करणे किंवा त्याला वाळीत टाकणे यांचा रॅगिंगच्या व्याख्येत समावेश केला. त्यामुळे संबंधित विद्यार्थ्याविषयीचा तर्क खरा असो वा खोटा, त्यावरून केलेला छळ हा रॅगिंगच ठरतो.