सौर जलतापकातील उलट अभिसरण

गच्चीवरील सौर जलतापकाच्या टाकीत दिवसभर साठलेले गरम पाणी रात्री पॅनेलमध्ये शिरून निवते, त्या क्रियेस उलट अभिसरण म्हणतात. पंपाविना चालणाऱ्या, सपाट पॅनेलच्या संचांत हा दोष विशेष आढळतो. काचेच्या निर्वात नळ्यांच्या संचात उष्णता बाहेर पडायला वाव कमी, म्हणून तेथे तो फारसा जाणवत नाही.

बिनपंपाच्या संचात पाणी फिरते ते केवळ घनतेतील फरकामुळे. २०° से. तापमानाचे घनमीटरभर पाणी सु. ९९८ किग्रॅ. भरते, ६०° से.चे सु. ९८३ किग्रॅ. उन्हात पॅनेलमधले पाणी हलके होऊन वरच्या नळीने टाकीत चढते. टाकीच्या तळाचे थंड पाणी खालच्या नळीने त्याची जागा घेते. निरभ्र रात्री पॅनेल आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेहूनही थंड होऊ शकते. टाकी पुरेशी वर असेल, तर हे जड पाणी पॅनेलमध्येच पडून राहते. पण टाकीतले गरम पाणी पॅनेलच्या पातळीला आले, की थंड पाणी खालच्या नळीने टाकीत घुसते, वरच्या नळीने गरम पाणी पॅनेलमध्ये ओढले जाते आणि हे चक्र पहाटेपर्यंत चालते. हिवाळ्यात आंघोळीला कढत पाणी हवे असते, नेमके तेव्हाच नुकसान सर्वांत जास्त. सूर्यास्तानंतर काही तासांनी वरची नळी पॅनेलजवळ हाताला गरम लागली, तर हा दोष असल्याचे समजावे.

खात्रीचा उपाय उंचीचा : टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा किमान ३० सेंमी. उंच ठेवावा. अडचण अशी, की थंड पाण्याची टाकी गरम टाकीच्याही वर लागते. गच्चीवरील जुनी टाकी बुटकी असली, की नवा मनोरा टाळण्यासाठी गरम टाकीच खाली बसवली जाते. ही तडजोड मुळीच करू नये. तिची किंमत घरच्यांना रोज सकाळी मोजावी लागते.

एकमार्गी झडप (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) हा दुय्यम उपाय होय. तापमानांतील वरील फरकाने मीटरभर उंचीत मिळणारा दाब जेमतेम १५ मिमी. पाण्याइतका असतो. स्प्रिंगची झडप एवढ्याशा दाबाने उघडत नाही आणि दिवसाचे अभिसरणही बंद पडते. अगदी हलकी झडप चालते. पण बोअरच्या जड पाण्याचे क्षार साचून तीही अडकते. टाकी पॅनेलच्या खाली असलेल्या पंपाच्या संचात मात्र झडप हवीच.

थंड पाण्याच्या टाकीतून येणाऱ्या नळीतूनही गरम पाणी मागे जाऊ शकते. ते अडवण्यासाठी त्या नळीवर झडप बसवली, तर गरम टाकीची हवानळी उघडी असणे अत्यावश्यक आहे. २०° से.चे २०० लिटर पाणी ६०° से.पर्यंत तापताना सु. ३ लिटर प्रसरण पावते. त्याला मागे जाण्याची वाट झडपेने बंद केलेली असते. हवानळीही बुजली, तर टाकी फुगते किंवा सांधे फाटतात. हवानळी नसलेल्या दाबाच्या संचात त्यासाठी दाबमुक्ती झडप बसवतात.