खांबांचे खड्डे

डब्लिनहून वायव्येकडे जाणारा एम3 महामार्ग 2010 मध्ये सुरू झाला. तो लिस्मलिन नावाच्या जागेवरून जातो. आज तिथे डांबराखाली काहीही उरलेलं नाही, आणि मला त्या ‘काहीही नाही’बद्दलच लिहायचंय.

2007 च्या वसंतात रस्त्यासाठी वरची माती खरवडली, तेव्हा खाली काळपट गोल डाग दिसू लागले. लाकडी खांब कुजून जातो, पण त्याच्या खड्ड्यात भरलेल्या मातीचा रंग आजूबाजूच्या मातीत मिसळत नाही. (आपल्या इनामगावातली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं अशाच डागांवरून ओळखली गेली.) लिस्मलिनचे डाग जोडत गेल्यावर सुमारे 80 मीटर व्यासाचं वर्तुळ तयार झालं, आत आणखी एक लहान वर्तुळ, आणि त्याकडे नेणारी खांबांची वाट. लोहयुगातलं, दोन हजारांहून जास्त वर्षं जुनं. सोनं नाही, मूर्ती नाही. भांडीकुंडीसुद्धा फारशी नाहीत. म्हणजे इथे लोक राहत नसावेत, कशासाठी तरी जमत असावेत. आणि जेमतेम दोन किलोमीटरवर ताराची टेकडी, आयरिश परंपरेतल्या राजांची.

सरकारनं जागेला राष्ट्रीय स्मारक म्हटलं. आता रस्ता वळेल असं वाटलं असेल तर थांबा. 2004 च्या कायदादुरुस्तीनं अशा वेळी काय करायचं ते मंत्र्यावर सोपवलं होतं. पद सोडता सोडता डिक रोश यांनी खोदून, नोंद करून रस्ता पुढे नेण्याच्या आदेशावर सही केली. त्यांच्या जागी आलेले जॉन गॉर्मली ग्रीन पक्षाचे. तो पक्ष या मार्गाच्या विरोधात होता. आदेश मागे घेणं आपल्या हातात नाही, असं ते म्हणाले. कवी शेमस हीनींचा विरोधही कामी आला नाही.

याला ‘नोंदीतून जतन’ म्हणतात. मला हा शब्द जरा जास्तच गोड वाटतो, कारण उत्खनन म्हणजे जागा एकदाच वाचायची आणि वाचताना पान फाडत जायचं. तरीही तिथे ते पान कुणीतरी वाचलं, आणि पैसे रस्त्याच्या खर्चातून आले. लाहोर–मुलतान रेल्वेच्या ठेकेदारांनी हडप्पाच्या विटा रुळांखाली भरल्या, तेव्हा तेवढंही झालं नव्हतं.

आपल्याकडे 2010 च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर नियंत्रण आहे. पण अंतर मोजायला स्मारक आधी यादीत असावं लागतं. गावाकडची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, बहुतेकदा कुठल्याच यादीत नसतं. तिची माती आपण पिढ्यान्‌पिढ्या शेतात टाकली, धाब्यावर पसरली. उद्या ती रस्त्याच्या भरावाला गेली, तर तहसीलदाराच्या कागदावर ती गौण खनिज.