बुळकांडीचें पारिपत्य

मुळशीच्या मावळांत भाताची चिखलणी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या व रेड्यांच्या बळावर होत आली. ऐन आषाढांत गोठ्यांतली जोडी मेली, तर त्या वर्षाचें पीक बुडालें आणि पुढील वर्षांकरितां कर्ज झालें, असाच त्याचा अर्थ होई. असें असूनहि आपल्या इतिहासग्रंथांत दुष्काळाला व प्लेगाला जें स्थान मिळालें, तें बुळकांडीला मिळालें नाहीं.

इ. स. १८६५ मध्यें हाच रोग इंग्लंडांत शिरला, तेव्हां पार्लमेंटनें पुढच्याच वर्षीं कायदा करून रोगी जनावरें मारण्याचा व गुरांची ने-आण रोखण्याचा मार्ग पत्करला. त्या बेटांत तो यशस्वी झाला. हिंदुस्थानांत तो चालणें शक्य नव्हतें. येथें गायबैलांची हत्या लोकांनीं सोसली नसती. शिवाय सामाईक गायरान आणि सामाईक पाणवठा असलेल्या खेड्यांत रोगी गुरूं वेगळें ठेवावें तरी कोठें? गुरांच्या सांथींची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. पण औषधावांचून नुसत्या नियमांनीं काय होणार!

तें औषध शोधण्यासाठीं ९ डिसेंबर १८८९ रोजीं सरकारनें पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें जंतुशास्त्राची प्रयोगशाळा उघडली व ती आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हवालीं केली. परंतु असल्या सांसर्गिक रोगांचे प्रयोग भरवस्तींत करणें धोक्याचें होतें, आणि कामास थंड हवाहि हवी होती. म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरीं हलविण्यांत आली. तेथें प्रथम रक्तद्रव तयार झाला. मात्र त्यापासून मिळणारें संरक्षण थोड्याच दिवसांचें असे. पुढें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्‌स यांनीं हे विषाणु शेळ्यांच्या शरीरांतून वारंवार नेऊन सौम्य केले. त्या लशीनें गुराला दीर्घकाळ अभय मिळालें.

स्वतंत्र भारतानें १९५४ सालीं हीच लस घेऊन देशव्यापी मोहीम आरंभिली. १९९५ नंतर या देशांत बुळकांडी दिसली नाहीं. २००६ सालीं भारत, व २०११ सालीं सारें जग रोगमुक्त ठरलें.

या यशाला व्यापाराचीहि बाजू आहे. आपल्याकडे गोमांसाच्या निर्यातीस बंदी असली, तरी म्हशीचें मांस परदेशीं जातें, आणि घेणारीं राष्ट्रें रोगमुक्ततेचा दाखला मागतात. लाळ-खुरकुताचा अडसर अद्याप उरला आहे. त्यासाठींच २०१९ सालीं केंद्र सरकारनें १२,६५२ कोटि रुपयांची लसीकरण-योजना जाहीर केली. २०२२ सालीं लंपी रोग आला तेव्हांहि महाराष्ट्रांत बाजार बंद ठेवण्याबरोबर गोठोगोठीं लस टोंचावी लागली.

निर्यातदाराला दाखला हवा असतो, कुणब्याला बैल हवा असतो. सरकारी उपाय येथें फळास आला, तो या दोघांचें हित एका सुईच्या टोंकावर आलें तेव्हां. जनावर वांचविण्यास आलेल्या माणसाला शेतकरी गोठ्याचें दार उघडतो. तें नेण्यास आलेल्याला तो डोंगराची वाट दाखवितो.