चोरदिंडी

गेल्या महिन्यात अण्णांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. २००५ साली घेतलेला, विंडोज एक्सपीवाला. धूळ झटकली, बटण दाबलं, आणि चक्क सुरू झाला की हो! पण दारातच अडला. निळा पडदा, अण्णांचं नाव आणि खाली एक रिकामी चौकट. पासवर्ड टाका.

आमचे आजोबा कोल्हापूर संस्थानात कारकून होते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि घरात राहिली ती त्यांची मोडी कागदांची पेटी. अण्णा लहानपणी त्यांच्याकडूनच मोडी शिकले. निवृत्तीनंतर त्यांनी एकेक कागद बाळबोधीत उतरवून या कॉम्प्युटरवर टंकला. चार वर्षं रोज सकाळी हेच काम. घरात मोडी वाचणारे ते शेवटचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

गेल्या वर्षी अण्णांना झटका येऊन गेला. बोलणं सावरलं, पण मधली बरीच वर्षं पुसट झाली. त्यांना विचारलं, "अण्णा, पासवर्ड काय ठेवला होता?" ते बराच वेळ कीबोर्डकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिहून ठेवायचा नसतो, असं तूच सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं खरं. काय बोलणार?

राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "लै सोप्पं हाय सर, फॉरमॅट मारूया." म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून घरच पाडायचं! तसाच परत आलो आणि या पासवर्ड नावाच्या प्राण्याच्या मागे लागलो.

कॉम्प्युटरच्या पासवर्डचा इतिहास सुरू होतो १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटीत. तेव्हा एक अवाढव्य यंत्र आणि वापरणारे अनेक, अशी परिस्थिती होती. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली बनवली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ॲलन शेर नावाच्या संशोधकाने पासवर्डांची अख्खी फाईलच छापून घेतली. कारण काय, तर आठवड्याला मिळणारे चार तास त्याला पुरत नव्हते! १९६६ मध्ये तर दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले.

यातून शहाणपण आलं. पासवर्ड यंत्रात जसाच्या तसा ठेवायचाच नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये या सगळ्या अनुभवावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. कल्पना आपल्या गुऱ्हाळासारखी आहे. उसापासून गूळ होतो, गुळापासून ऊस परत करता येत नाही. यंत्र फक्त गुळाची ढेप जपून ठेवतं. तुम्ही ऊस घेऊन आलात की तो गाळून, कढवून बघतं. ढेप तंतोतंत तशीच निघाली तर दार उघडतं.

म्हणजे बघा, अण्णांचा पासवर्ड अण्णांना आठवत नव्हता आणि कॉम्प्युटरलाही तो कधीच माहीत नव्हता!

हे वाचताना एकदम रामचंद्रपंत अमात्य आठवले. बावडेकर अमात्यांची आज्ञापत्रं १७१५ च्या सुमारास करवीरच्या संभाजीराजांच्या नावाने निघाली. त्या वेळी राजधानी पन्हाळा. त्यात किल्ल्यांच्या बांधणीचा भाग आहे, आणि पंत तिथे स्पष्ट बजावतात की गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष. गड पाहून दोन-तीन दरवाजे करावेत, शिवाय चोरदिंड्या ठेवाव्यात. रोजच्या वापराला लागतील तेवढे ठेवून बाकीचे चिणून टाकावेत. वेळ आली की उघडता येतील, एरवी कुणाला दिसणार नाहीत.

हे नुसतं पुस्तकी नव्हतं. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निसटले ते राजदिंडीच्या वाटेने, असं पन्हाळ्यावर आजही सांगतात. शत्रूचा डोळा मोठ्या दरवाजांवर होता.

आणि मी अण्णांना काय करून दिलं होतं? एक दरवाजाचा गड! एक्सपीत पासवर्ड रीसेटची फ्लॉपी आधीच करून ठेवायची सोय होती. चोरदिंडीच ती. आम्ही केली नव्हती.

असो. शेवटी भाचा आला. त्याने पासवर्डच्या नादाला न लागता हार्ड डिस्क काढली आणि दुसऱ्या मशीनला जोडली. सगळ्या फायली समोर! एक्सपीचा पासवर्ड फक्त वेशीवरचा पहारेकरी होता. आतला माल, मुद्दाम तशी व्यवस्था केली नसेल तर, उघडाच असे. भाचा म्हणाला, "मामा, आजोबांचा पासवर्डपण काढून देऊ? जुन्या पद्धतीत सगळी अक्षरं कॅपिटल करून सात-सातचे दोन तुकडे करायचे. काही मिनिटांत फुटेल."

मी नको म्हटलं. तेवढं एक अण्णांचं अण्णांपाशी राहू दे.

फाईल उघडली, तर भलतीच चिन्हं! युनिकोडच्या आधीचा मराठी फॉन्ट. तो फॉन्ट नसला की मराठीचा नुसता चिवडा दिसतो. म्हणजे दारामागे आणखी एक दार. त्याच डिस्कवर फॉन्ट सापडला म्हणून निभावलं.

बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ही डिस्क काढायची युक्ती चालणार नाही, हेही सांगून ठेवतो. तिथे आतला मालच कूटलिपीत असतो. विंडोजच्या बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली हरवली, आणि दुसरा मार्ग राखून ठेवलेला नसला, तर दुरुस्तीवाला काय, कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. चोराला बंद आणि धन्यालाही बंद. तेव्हा चोरदिंडी आधीच करून ठेवा. मी सगळ्या किल्ल्या कागदावर लिहून पाकिटात घातल्या आणि पाकीट कपाटात ठेवलं. कुठे ठेवलंय ते दोघांना माहीत आहे.

परवा सहज पेटीतला एक कागद अण्णांच्या हातात दिला. चष्मा लावला, बोट ओळीवर ठेवलं आणि ते वाचायला लागले. न अडखळता! पासवर्ड गेला, आज सकाळी काय खाल्लं ते गेलं, पण वडिलांनी लहानपणी गिरवून घेतलेली अक्षरं जागेवर होती. चार-पाच ओळींत दमले. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पुढचं तू वाच."

मोडी आता युनिकोडमध्येही आहे, २०१४ पासून. पण ती नुसती कुलपाची जागा झाली, किल्ली नव्हे. किल्ली शेजारच्या खुर्चीत बसली होती.

रोज संध्याकाळी अर्धा तास ठरलाय. कालपर्यंत अकरा अक्षरं झाली. मी ती वहीत लिहून ठेवतो आहे.