फेब्रुवारी ओळखणारं घड्याळ

कुठल्या महिन्याला तीस आणि कुठल्याला एकतीस दिवस, हे मी अजून मुठीची टेंगळं मोजून ठरवतो. फेब्रुवारीपाशी टेंगळंही हात टेकतात. हे काम मनगटावर परस्पर उरकणारं घड्याळ असतं म्हटल्यावर मला माझ्या मुठीची लाजच वाटली.

जिनिव्हाच्या पाटेक फिलिपनं ते '१५१८' या नंबरानं काढलं १९४१ साली. म्हणजे युरोपात उद्याचीच खात्री नव्हती, तेव्हा यांना पुढच्या लीप वर्षाची काळजी! वार, तारीख, महिना, चंद्रकला, वर स्टॉपवॉच. अशा घड्याळाच्या पोटात चार वर्षांत एकच फेरा घेणारं चाक असतं. त्याच्या कडेला महिन्यांच्या खाचा. फेब्रुवारीची सर्वांत खोल, लीप वर्षातली किंचित उथळ. दांडी जितकी खोल उतरेल, तितके दिवस महिनाअखेरीला गाळले जातात. आमच्या हेडक्लार्कला रजेचा हिशेब इतका बिनचूक कधी जमला नाही.

सगळे मिळून २८१ नग झाले, बहुतेक सोन्याचे. स्टीलचे चारच ठाऊक आहेत. आणि २०१६ साली जिनिव्हाच्या लिलावात त्यांतल्या एकाला १ कोटी १० लाख स्विस फ्रँक आले! हे ऐकल्यापासून ही मांडणीवरच्या डब्यांकडे आदरानं बघते.

एवढं शहाणं घड्याळ, पण दोनतीन दिवस किल्ली द्यायला विसरलात की सारी विद्या जागच्या जागी थिजली. शिवाय दर चौथं वर्ष लीप, एवढंच त्याला शिकवलेलं. २१०० साली लीप नाही, तरी ते खुशाल २९ फेब्रुवारी दाखवील. मग कोट्यधीश मालकानं भिंतीवरचं कॅलेंडर बघून तारीख हातानं पुढे ढकलायची.