संस्था गावात येते, पण हिशोब कुणाला देते?

पोस्ट थोडी मोठी आहे, पण आपल्याच भागाबद्दल आहे. वेळ काढून वाचा.

बोईसर-चिल्हार रस्त्याने बेटेगाववरून पुढे जंगलपट्टीत शिरा किंवा उलट बंदरपट्टीकडे जा. शाळेच्या खोलीवर, पाण्याच्या टाकीवर, शौचालयावर कुठे ना कुठे पाटी दिसते: अमुक कंपनीच्या सौजन्याने, तमुक संस्थेमार्फत. काही कामं खरोखर चांगली झालीत, नाकारायचं कारण नाही. पण टाकी आहे आणि पाणी नाही, शौचालय आहे आणि कुलूप लावलेलं आहे, असंही आपण पाहतो. मग विचारायचं कुणाला? कंपनी म्हणते संस्थेला विचारा. संस्था म्हणते प्रोजेक्ट संपला.

हा प्रश्न नवा नाही. आपल्या जिल्ह्यात समाजसेवेला ऐंशीहून जास्त वर्षं झालीत. त्यात कोण टिकलं आणि का टिकलं, हे पाहण्यासारखं आहे.

१९४० साली बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळ निघालं. बोर्डीचे आचार्य भिसे त्या कामात होते. आश्रमशाळा, वसतिगृहं सुरू झाली. हेतू चांगला होता. पण शिकवायचं काय आणि कसं, हे ठरवणारी माणसं बाहेरची, शिकलेली होती. त्या काळी दुसरं काही शक्यही नव्हतं, म्हणून त्यांना दोष देत नाही.

मग आलं १९४५. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. तलासरी तालुक्यातल्या झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीला 'नाही' म्हणायचं ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, आदिवासी मारले गेले. तरी वेठ मोडलीच. सेवा करणाऱ्यांना जे जमलं नव्हतं, ते लोकांनी एकत्र येऊन केलं.

त्याच वर्षी ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. सोबत अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण गरिबाघरची पोरं येईनात. अशा वेळी बहुतेक संस्था अहवालात लिहितात, 'पालकांमध्ये जागृतीचा अभाव.' या दोघींनी असं काही लिहिलं नाही. पोरं येत नाहीत ना, मग आपणच त्यांच्या अंगणात जाऊ, असं ठरवलं. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरायला लागली, ती अंगणवाडी. महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड घेतले. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे कळलं की मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणायचे. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मोठी पोर घरी राहते, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली.

संस्था सुधारते म्हणजे काय होतं, ते इथे दिसतं. लोक येत नाहीत तेव्हा लोकांना नावं न ठेवता आपली पद्धत बदलायची. १९७५ साली केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तो आपल्या डहाणू तालुक्यातून गेला, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं.

पुढचा धडा पालघर तालुक्यातला, काळूराम धोदडेंच्या भूमिसेनेचा. १९७० च्या आसपास गेलेल्या जमिनी परत घेण्याच्या आंदोलनातून ही संघटना उभी राहिली. मधल्या काळात बाहेरून शेतीसुधारणेची योजना आली, बँकेचं कर्ज, तज्ज्ञांचा सल्ला, सगळं आलं. पण निर्णय वरून व्हायला लागले. लोकांच्या लक्षात आलं की सावकार गेला तरी आपण विचारायला दुसऱ्याच्याच दारात उभे आहोत. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. गावोगावी तरुण मंडळं झाली. प्रश्न गावाने मांडायचा, लढाही गावाने ठरवायचा, भूमिसेनेने पाठीशी राहायचं. मच्छीमार बांधवांनीही पुढे हेच केलं. तारापूरच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१६ साली हरित लवादाकडे नेला तो मांगेला समाजाच्याच परिषदेने. कुणाच्या फंडाची वाट पाहत ते बसले नाहीत.

आता आजचं बघू. १ एप्रिल २०१४ पासून सीएसआरचा कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा झाला. वर्षाला पाच कोटी निव्वळ नफा, किंवा हजार कोटी उलाढाल, किंवा पाचशे कोटी नक्त मालमत्ता असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्यात म्हटलंय. आपल्या बाजूला एवढी मोठी एमआयडीसी, म्हणजे हा पैसा आपल्याशी संबंधित आहे.

पण हा पैसा मिळायला बाहेरच्या संस्थेकडे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव, आयकराची नोंदणी, सीएसआर-१ फॉर्म, सगळं लागतं. अफरातफर होऊ नये म्हणून ते बरोबरच आहे. फक्त पाड्यावरच्या महिला मंडळाकडे ही कागदपत्रं नसतात, शहरातल्या संस्थेकडे असतात. आणि संस्था हिशोब देते तो धर्मादाय आयुक्तांना, आयकर खात्याला आणि कंपनीला. ज्यांच्या नावाने पैसे आले, त्या गावासमोर हिशोब मांडायची सक्ती कुठेच नाही. सुधारणा हवी ती इथे.

नवीन कायद्याची वाट न पाहता काय करता येईल?

एक, संस्था गावात काम सुरू करणार असेल तर आधी ग्रामसभेत येऊन सांगावं: काय करणार, किती दिवस, किती खर्च. १९९६ च्या पेसा कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर ग्रामसभेच्या नियंत्रणाची तरतूद आहे. आपल्या तालुक्यातली सगळी गावं पेसात नाहीत, पण ग्रामसभा तर प्रत्येक गावात आहे.

दोन, काम संपल्यावर खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आणि देखभाल कोण करणार, ते आधीच लिहून घ्यावं.

तीन, मोठ्या संस्थेने स्थानिक मंडळाला सोबत घ्यावं. नोंदणी, हिशोब, ऑडिट शिकवावं, म्हणजे तीन वर्षांनी ते मंडळ स्वतःच्या पायावर उभं राहील.

आणि आपलीही चूक मान्य करूया. दप्तरं वाटायचा टेम्पो आला की आपण रांगेत उभं राहतो, फोटो काढतो, आणि ग्रामसभेला कोरम पूर्ण होत नाही. विचारणारे नसतील तर हिशोब देणार कोण?

कंपन्यांनी मंजूर केलेल्या सीएसआर कामांची माहिती त्यांच्या वेबसाइटवर टाकावीच लागते. आपल्या गावाशेजारच्या एका कंपनीची यादी काढा, तिच्यात गावाचं नाव आहे का बघा, आणि पुढच्या ग्रामसभेला तो कागद घेऊन या. भांडायला नको, फक्त विचारायचं. काय सापडलं ते इथे खाली लिहा.