वापरून बसेल!

"मावशी, नवं शीड आलं, पण बसत नाहीये गं!"

गेल्या वर्षी मे महिन्यात साउदॅम्प्टनहून भाच्याचा फोन आला तो असा. मी गच्चीवर आंब्याची साठं उलटत होते. ब्लाऊज बसत नाही हे मी जन्मभर ऐकत आणि म्हणत आले आहे, पण शीड बसत नाही म्हणजे काय, हे मला काही केल्या उमजेना.

आमच्या भाच्याने तिकडे दोन मित्रांबरोबर एक जुनी छोटी शिडाची होडी घेतली आहे. शनिवार-रविवारी तिघे समुद्रावर जातात. जुने शीड पार लोळागोळा झाले म्हणून त्यांनी नवे शिवायला टाकले. हल्ली म्हणे शीड शिवणारा होडी बघायला येत नाही. गिऱ्हाइकानेच मापे घ्यायची, कॉम्प्युटरवरून फॉर्म भरून पाठवायची, पैसे भरायचे, की महिन्या-दीड महिन्यात पार्सल दारात. पार्सल आले, हौसेने शीड चढवले, तर पुढची कड डोलकाठीपेक्षा चार बोटे जास्तच! त्यामुळे शीड ताणलेच जाईना. मागची कड सारखी फडफडत होती आणि खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत एक तिरकी चूण पडली होती. तक्रार केली तर उत्तर आले, "काही दिवस वापरा. वापरून बसेल."

भाच्याने विचारले, "काय करू?" मी म्हटले, "अरे, कोरं कापड आहे. थांब जरा, घाई करू नकोस."

माझ्या या सल्ल्याला आधार होता तो मांजरपाटाचा. आमच्या लहानपणी शिंपीकाका वाढत्या मापाचे कपडे शिवत आणि वर सांगत, "एक धुणं होऊ द्या, बरोबर बसेल." आणि खरेच बसायचे! भाच्याने माझे ऐकले. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट संपत आला. शीड बसले नाही. पुन्हा तक्रार केली, तेव्हा उत्तर आले की तीन महिने वापरलेले शीड आता नवे धरता येत नाही, दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतील. भाचा मला काही बोलला नाही. पण मला ते लागून राहिले. पोराचे पैसे आणि अख्खा उन्हाळा माझ्या एका वाक्यापायी गेला होता.

बत्तीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे एक खोड जडली आहे. कुणी ठाम वाक्य बोलले की ते कोणत्या काळात खरे होते, हे शोधायचे. म्हणून "वापरून बसेल" या वाक्याचाच इतिहास हुडकायला बसले. थोडे पुस्तकांतून वाचले, थोडे भाच्याला विचारून समजून घेतले. जे हाती लागले ते तुम्हां मंडळींपुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, शीड ही सपाट चादर नसते. लांबून आपल्याला तसे वाटते, एवढेच. कापडाचे पट्टे एकमेकांना जोडताना त्यांच्या कडा किंचित गोलाई देऊन कापतात, म्हणजे शिवण घातल्यावर मधे पोट येते. ब्लाऊजला टक्स घालतो ना, तसेच. डोलकाठीकडची कडही थोडी फुगीर कापतात आणि काठी वाकत असेल तर तो बाक हिशेबात धरतात. हे पोट किती आणि कुठे हवे, यावर सारा खेळ असतो. वारा पाठीमागून येत असेल तर मोठे पोट चालते. पण वाऱ्याच्या तोंडावर तिरके जायचे असेल तर शीड चापून बसलेले, जवळजवळ सपाट लागते. झोळ आला की होडी पुढे जाण्याऐवजी बाजूला सरकते.

आता जुन्या काळचे कापड पाहू. इंग्लंडमध्ये शिडे जवसाच्या झाडाच्या धाग्याची, म्हणजे तागासारखी जाड आणि चिवट असत. ते कापड वाऱ्याने ताणले जाई, पावसात आखडे, उन्हात पुन्हा सैल पडे. त्यातून शिडाच्या कडेला दोरी शिवलेली असे. तिचे ताणणे-आखडणे आणखी निराळे. दोरी घट्ट शिवली तर कड सुरकुततात, सैल शिवली तर कापडावर भलता ताण येतो. दोरी शिवताना कापड किती चुणत न्यायचे, हे कारागिराच्या बोटांनाच कळे. आणि एवढे करूनही शीड पहिल्या दिवशी बसतच नसे! नव्या शिडाला "वळण लावावे" लागे. कोरडा दिवस आणि मंद वारा पाहून ते चढवायचे, कडा जोराने ताणायच्या नाहीत, काही तास नुसते हिंडवायचे, आणि कापड सैल पडेल तसतसे हळूहळू ओढत न्यायचे. सुती शिडांनाही हेच पथ्य. पहिल्याच दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यात किंवा पावसात नेले, तर शीड कायमचे बिघडे. म्हणजे त्या काळी "वापरून बसेल" हे वाक्य अक्षरशः खरे होते. मात्र त्यात एक अध्याहृत भाग होता. बसेल, पण शिवणाऱ्याने ते पुढे किती ताणले जाईल याचा अंदाज घेऊन कापले असेल तर. आणि त्यानंतरही कमी-जास्त झाले, तर शीड पुन्हा त्याच्या माळ्यावर न्यायचे, शिवण उसवायची आणि नीट करायची.

याचा सगळ्यात गाजलेला धडा १८५१ साली मिळाला. न्यूयॉर्क यॉट क्लबच्या जॉन कॉक्स स्टीव्हन्स व त्याच्या साथीदारांनी 'अमेरिका' नावाची दोन डोलकाठ्यांची नौका बांधवून घेतली. तिचा आराखडा जॉर्ज स्टीअर्सचा. शिडे लाँग आयलंडवरच्या पोर्ट जेफरसन गावच्या विल्सन नावाच्या कारागिराने शिवलेली. ती यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची होती, सपाट बेतलेली होती आणि मोठ्या शिडाची खालची कड आडव्या दांड्याला सबंध लांबीभर दोरीने बांधलेली होती. इंग्रजांच्या नौकांवर मात्र जवसाच्या धाग्याची, पोट सुटलेली शिडे. त्यांची खालची कड मोकळी असे. वारा विणीतून आरपार जाऊ नये म्हणून ते शर्यतीत शिडांवर पाणी मारत, म्हणजे धागे फुगून वीण घट्ट होई.

२२ ऑगस्ट १८५१ रोजी आइल ऑफ वाइट या बेटाला प्रदक्षिणा घालायची शर्यत झाली. हे बेट म्हणजे आमच्या भाच्याच्या साउदॅम्प्टनच्या अगदी समोरचे! पंधरा नौका सुटल्या. त्यात परदेशी एकटी 'अमेरिका', आणि तीच पहिली आली. तो चषक पुढे तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि १९८३ पर्यंत अमेरिकेतच राहिला. विजयाचे श्रेय नौकेच्या घडणीला किती आणि शिडांना किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. दोन्हींना द्यावे हे बरे.

या शर्यतीतली एक गंमत सांगते. इंग्लंडला पोचल्यावर 'अमेरिका'च्या मालकांनी तिथल्या काउज गावात पुढच्या टोकाला लावायचा एक जादा दांडा आणि त्यावरचे शीड करून घेतले. नौकेचा कप्तान डिक ब्राउन याला ही भर पसंत नव्हती. शर्यतीत तो दांडा मोडला, तेव्हा कप्तानाला बरेच वाटले, असे सांगतात. एका बेताच्या कपड्याला दुसऱ्या शिंप्याने लावलेली झालर कुणाला आवडते?

हार झाल्यावर इंग्रजांनी धडा घेतला. सगळ्यांनी लगेच कापड बदलले असे नाही, पण बेतणे बदलले. गॉस्पोर्टच्या लॅपथॉर्नची सपाट शिडे नावाजली गेली. काउजचे रॅट्सी आणि हे लॅपथॉर्न पुढे एकत्र आले आणि १९०२ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी आयलंडवरही शिडे शिवायचा माळा उघडला. मला यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची वाटली. त्या काळी शीड बोटीने पाठवता येतच होते की! तरीही गिऱ्हाइकांच्या नौका जिथे नांगरलेल्या, तिथे जाऊन त्यांनी दुकान थाटले. ऱ्होड आयलंडचा नौकाशिल्पी नॅथनेल हेरशॉफ याने तर शिडे आपल्याच कारखान्यात शिवायला घेतली. कापडाचे पट्टे मागच्या कडेला समांतर न लावता काटकोनात लावायची पद्धत त्याच्याच नावावर आहे. आपल्यातल्या शिवणकाम करणाऱ्यांना कारण लगेच कळेल. कापड उभ्या-आडव्या धाग्यांवर फारसे ताणत नाही, ताणते ते उरेबात. पट्टे काटकोनात लावले की मागच्या कडेचा ताण थेट धाग्यावर येतो आणि कड ढिली पडत नाही. १९०३ सालच्या त्याच्या 'रिलायन्स' नौकेची शिडे सोळा हजार चौरस फुटांच्या वर होती. एवढे कापड बसवायचे म्हणजे खायचे काम नव्हे!

आणि मग आले आपल्या ओळखीचे टेरिलीन. पॉलिएस्टरचा हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला. इंग्लंडमध्ये टेरिलीन, अमेरिकेत डॅक्रॉन. १९५०च्या दशकात त्याची शिडे होऊ लागली. मार्बलहेड गावच्या टेड हूडने तर कापडही स्वतःच विणायला सुरुवात केली आणि मुद्दाम कमी पन्ह्याचे विणले. हा गृहस्थ स्वतः शिडे शिवी आणि स्वतः शर्यतीत उतरे. १९७४ साली 'करेजस' नौकेचा कप्तान म्हणून तो अमेरिका चषकही जिंकला. आपले शीड कुठे ओढते आणि कुठे झोळ देते, हे त्याला पत्राने कळवावे लागत नव्हते.

टेरिलीनने एक मोठा फरक केला. ते पाण्याने आखडत नाही. नव्या शिडाला पंधरा दिवस वळण लावायची गरज उरली नाही. सुताचा शर्ट धुवून अंगासरशी बसतो, पण टेरिलीनचा शर्ट शिंप्याने चुकवला की कायमचा चुकला, हे आपण १९७०च्या सुमाराला घरोघरी अनुभवले आहे! शिडाचेही तेच. टेरिलीनचे शीड वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने सैल पडते खरे. पण सैल पडणे वेगळे आणि बसणे वेगळे. चार बोटे लांब शिवलेली कड वापरून आखूड होत नाही. फडफडणारी कड तर दिवसेंदिवस जास्तच खराब होते.

म्हणजे झाले काय, की कापड बदलले, पण त्याच्याबरोबरचे वाक्य मागे राहिले. शीड शिवणाऱ्याने ते सवयीने म्हटले की वेळ मारून न्यायला, हे मला माहीत नाही. पण मी ते खरे धरले, कारण माझ्या डोक्यात अजून मांजरपाट होता. पहिल्या आठवड्यात "परत पाठव" म्हणायला हवे होते, तिथे मी "थांब" म्हटले.

पुढचे थोडक्यात सांगते. ऑक्टोबरात भाच्याने जवळच्याच एका म्हाताऱ्या कारागिराला गाठले. तो टेप घेऊन होडीवर आला. आधी डोलकाठी मोजली, तिचा बाक पाहिला, मग शीड चढवायला लावले आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. शेवटी विचारले, "मापं कशावरून घेतली होती?" तेव्हा उलगडा झाला. भाच्याने जुने शीड अंगणात पसरून त्याचीच मापे पाठवली होती! वीस-पंचवीस वर्षे वाऱ्यात ताणलेले ते शीड. आपण नाही का मापाला जुना, उसवलेला ब्लाऊज देत आणि नव्याला नावे ठेवत? तेव्हा चूक एकट्या शिवणाऱ्याची नव्हती. पण होडीवर येऊन पाहणारा कुणी असता, तर ती पहिल्याच दिवशी सापडली असती.

शीड उसवून पुन्हा शिवून झाले. दुरुस्तीचे निम्मे पैसे मी पाठवते म्हटले, तर भाचा रागावला. म्हणून हा लेख लिहिला. तो वाचेलच. बाळा, चुकले माझे!

परवा त्याने फोटो पाठवला. मागे ते बेट आणि पुढे पांढरेशुभ्र शीड. एकही चूण दिसत नाही. चष्मा लावून पाहिले.